खेचराची पाठ

माझ्या धाकट्या बहिणीला, आर्डिथला, एक्केचाळिसाव्या वर्षी जुळं झालं ते १९८३ साल. तेव्हा मला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे वर्षं मी अशीच लक्षात ठेवायचो. जुळं सप्टेंबरात झालं. ऑक्टोबरच्या अकरा तारखेला, मंगळवारी, जॉर्जिया राज्यातून सुट्टीवर आलेल्या गँट नवरा-बायकोला मी अर्ध्या दिवसासाठी मासे पकडायला नेलं. ती तारीख मात्र मला पुढे इतक्या जणांनी विचारली की पाठच झाली.

टरपिन लँडिंगला तेव्हा एक धक्का होता, माझ्या भावाचं आमिषाचं दुकान होतं, दहा खोल्यांचं मोटेल होतं आणि समोर मैलोन्मैल उथळ पाणी. दुकान पर्व्हिस सांभाळायचा, बोट मी चालवायचो. परवाना त्याच्या नावावर होता, कारण परीक्षा लेखी असते. हे धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

मर्ल गँट सव्वासहा फूट उंच आणि अंगाने प्रचंड होता. मांडीपर्यंतचे रबरी बूट घालूनच आला. त्याने बोटीत पाय ठेवला तशी ती इतकी कलली की कोळंबीची बादली घसरत जाऊन दुसऱ्या काठाला आपटली. मागून त्याची बायको लोरीन उतरली, ते बोटीला कळलंही नाही. बारीक, पन्नाशीची बाई. उन्हाची टोपी हनुवटीखाली बांधलेली.

"बस तिथे," मर्ल म्हणाला. "आणि कशाला हात लावू नकोस. कॅप्टन, हिच्या हातात गळ दिलास तर आधी आपले कान सांभाळ."

"शिकतील की, साहेब," मी म्हणालो.

"सव्वीस वर्षांत भात शिजवायला शिकली नाही."

ती समोर गवताच्या बेटांकडे बघत राहिली.

पहिल्या तासात मर्लला एक मासा लागला आणि तोही सुटला. दोष माझ्या दोरीचा, माझ्या कोळंबीचा, मग लोरीनच्या सावलीचा. शेवटी त्याने खिशातून नकली आमिषाचं नवं पाकीट काढलं आणि माझ्याकडे फेकलं.

"किती खोलीला चालतं ते लिहिलंय बघ मागे. माझा चष्मा गाडीत राहिला."

मी पाकीट हातात फिरवलं. म्हणालो, "टाकून बघू या ना. पाणीच सांगेल."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या तोंडावर हसू पसरत गेलं.

"उलटं धरलंयस तू ते."

मी ते फिरवलं.

"लोरीन! अगं, बघ तरी. आपल्याला अंगठेबहाद्दर कॅप्टन मिळालाय! तुझी नि याची जोडी जमेल बघ. तुला नकाशा उलटा, याला पाकीट उलटं." मग माझ्याकडे वळून, मुलाशी बोलावं तसा, "हा ए आहे, कॅप्टन. काय आहे? ए."

मी बेचाळीस वर्षांचा होतो. आणि मी अगदी नम्रपणे म्हणालो, "साहेब, मोठे रेडफिश बोटीवरून नाही मिळायचे. उतरून उभं राहावं लागेल. तुमचे बूट बरे आहेत त्याला."

आमच्या धक्क्यावरच्या कॅप्टनांची ही एक रीत होती. तिला आम्ही पाय ओले करणं म्हणायचो. उद्धट गिऱ्हाइकाला कालवांच्या शिंपल्यांनी भरलेल्या एखाद्या पट्टीवर उतरवायचं आणि आपण काठीने बोट ढकलत गवताआड जायचं. भरती चढत असते. पाणी पोटरीला लागलं की माणूस हाका मारू लागतो, गुडघ्याला लागलं की विनवण्या करतो. पंधरा मिनिटांनी परत जायचं आणि म्हणायचं, मोटार चालूच होईना हो. पुढचा सगळा वेळ गिऱ्हाईक कोकरासारखं वागतं. कुणाला कधी काही झालं नव्हतं, कारण वाळूची बाजू असलेलीच पट्टी निवडायची असा नियम होता, म्हणजे वेळ पडली तर माणूस चालत उथळावर येईल.

मी त्याला खेचराच्या पाठीवर उतरवलं. ही पट्टी सगळ्यांत दूरची. चहूकडून पाण्यात उतरलेली, कालवांच्या कडा सुऱ्यांसारख्या, आणि एका अंगाला दोन पुरुष खोल चर. तिच्यावर आम्ही कुणाला उतरवत नसू. मला हे माहीत होतं. त्या दिवशी पश्चिमेचा वारा होता, म्हणजे भरती लवकर चढणार, हेही माहीत होतं.

पाणी तेव्हा त्याच्या घोट्याला होतं. साडेआठ वाजले होते.

आम्ही सुमारे तीनशे हात दूर, गवताच्या टोकाशी नांगर टाकला. तिथून तो दिसत होता, पांढऱ्या शर्टातला, करंगळीएवढा. मी लोरीनच्या हातात गळ दिला. कोळंबी कशी लावायची ते एकदा दाखवलं. तिला पुन्हा दाखवावं लागलं नाही.

पंधरा मिनिटांनी मर्ल ओरडू लागला. वारा आमच्याकडे होता, शब्द न् शब्द येत होता. आधी मला शिव्या, मग तिला.

"जाऊ या?" मी विचारलं.

"कशाला? बारापर्यंत बोट आमचीच आहे ना?" तिने गळ टाकला. "मला आत्ता कुठे जमायला लागलंय."

तिला एकामागून एक मासे लागत होते. ती हसायची तेव्हा तोंडावर हात धरायची, कुणी बघत असल्यासारखा. मीही हसत होतो. तासाभराने मर्लच्या ओरडण्यात फरक पडला. आता तो कॅप्टन म्हणत होता, प्लीज म्हणत होता. बूट भरलेत म्हणाला. पाय अडकलाय, तोल जातोय म्हणाला.

"प्लीज," लोरीन म्हणाली. "हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकतेय."

"आता मात्र जायला हवं, मॅडम."

"अजून थोडा वेळ." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "का, तुम्हाला घाई आहे? तुम्हाला ए शिकवला ना त्याने?"

मी मोटारीवरचा हात काढला.

दहाच्या सुमाराला त्याने तिच्या नावाने एकच हाक मारली. लांब, आणि शेवटी पाण्यात बुडवल्यासारखी तुटलेली. लोरीनने दोरी गुंडाळली, गळाला नवी कोळंबी लावली आणि पुन्हा टाकला.

मी उठून उभा राहिलो. पट्टीच्या जागी पाण्यावर उन्हाची लखलख होती, बाकी काही दिसेना. मी डोळ्यांवर हात धरला. किती वेळ गेला सांगता येत नाही, फार नसेल. मग तो दिसला. उभा होता. गळ टाकत होता.

"आहे," मी म्हणालो. "मासे पकडतोय."

"मग नाटकं करत होता," ती म्हणाली.

तो आहे हे दिसत होतं, म्हणून आम्ही अजून अर्धा तास थांबलो. पण मी आता हसत नव्हतो. तो गळ टाकायचा, ओढायचा, पुन्हा टाकायचा, घड्याळाच्या लंबकासारखा. मासा लागला की माणूस थांबतो, दोरी गुंतली की थांबतो. तो थांबलाच नाही. ओरडत नव्हता. आणि मघापेक्षा उंच दिसत होता. उन्हाने तसं होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

साडेदहाला मी मोटार चालू केली. पट्टीजवळ ती बंद करून काठी घेतली. बोट ढकलायच्या माझ्या काठीवर फुटाफुटावर रंगाचे पट्टे होते. पट्टीच्या माथ्यावर आल्यावर ती कालवांत रोवली. कालवांचा खरखर आवाज हाताला कळतो, चूक होत नाही.

पाणी चौथ्या पट्ट्याच्या वर होतं.

मर्ल गँट समोर दहा हातांवर उभा होता. पाणी त्याच्या घोट्याला होतं.

मी काठी उचलून त्याच्या जवळ रोवली. चार फूट. अजून जवळ, त्याच्या बुटांपासून हातभर अंतरावर. चार फूट आणि वर चार बोटं.

लोरीन काठीकडे बघत होती. मग त्याच्या पायांकडे.

त्याने गळ खाली केला. दोरीच्या टोकाला आमिष नव्हतं, आकडाही नव्हता.

"आलात तुम्ही," तो म्हणाला. "आभारी आहे, कॅप्टन. त्रास दिला तुम्हाला."

तो बोटीकडे चालत आला. तीन पावलं. पाण्यावर लाट उठली नाही.

त्याने काठावर पाय ठेवला, आत आला, समोरच्या बाकावर बसला.

बोट हलली नाही.

मी लहानपणापासून बोटीत उभा आहे. डोळे बांधलेत तरी कोण कुठे बसलंय ते माझ्या तळपायांना कळतं. लोरीन डाव्या काठाला बसली होती, तो उजव्या. बोट डावीकडे कलली होती. परतीच्या सगळ्या वाटेवर ती तशीच, तिच्या बाजूला कललेली राहिली.

"किती मासे पकडलेस, लोरीन!" तो म्हणाला. "मला फार आनंद झाला, लाडके."

ती सरकत सरकत मागे आली, माझ्या गुडघ्याला टेकून बसली. मी त्याच्या बुटांकडे पाहिलं. ते कोरडे होते, धूळ बसलेले.

धक्क्यावर पर्व्हिस उभा होता. मर्लने त्याला वाकून नमस्कार केला, आपणहून बोटीची दोरी बांधली आणि गाडीचं दार उघडून बायकोची वाट बघत उभा राहिला.

"वा रे वा!" पर्व्हिस माझ्या कानाशी हसला. "पाय असे ओले केलेस की माणूस पार संत झाला."

लोरीन बोटीतून उतरेना. तिने माझं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"कॅप्टन, तो मर्ल नाही."

"मॅडम, लोक बघतायत."

"काठी तुम्ही रोवलीत. तुम्ही बघितलंत. मला मोटेलात ठेवा, दुकानात ठेवा, बोटीत राहते मी. त्याच्याबरोबर पाठवू नका. मी पाया पडते तुमच्या."

मी काय विचार केला ते सांगतो. ही बाई आरडाओरडा करणार, कुणीतरी पोलिसांना बोलावणार, पोलीस परवाना मागणार, माणसाला कुठे नि किती वेळ सोडलं होतं ते विचारणार. बोट जाणार, पर्व्हिसचं दुकान जाणार. आणि दुसराही विचार होता, तो जास्त जोराचा होता. ते जे गाडीपाशी उभं होतं, ते माझ्या धक्क्यावरून जायला हवं होतं. ते तिच्यासाठी थांबलं होतं. माझ्यासाठी नव्हे.

मी तिची बोटं एकेक करून सोडवली. शेवटच्या बोटाला जोर लावावा लागला. मग दंडाला धरून तिला धक्क्यावर चढवलं.

"आनंदाने घरी जा, मॅडम," मी म्हणालो.

गाडीपाशी ती पुन्हा अडखळली. त्याने तिला अलगद उचललं, आत बसवलं आणि टोपीची सुटलेली गाठ तिच्या हनुवटीखाली बांधून दिली. गाडी निघाली तेव्हा ती मागच्या काचेतून माझ्याकडे बघत होती. ओरडत नव्हती.

गुरुवारी सकाळच्या ओहोटीला एक कालवंवाला खेचराच्या पाठीवर गेला. तिथे मर्ल गँट पालथा पडलेला होता. डावा बूट कालवांत इतका घट्ट बसला होता की तो कापून पाय काढावा लागला. खेकड्यांनी चेहरा ठेवला नव्हता, पण पैशांचं पाकीट खिशात होतं. डॉक्टर म्हणाला, मंगळवारी सकाळीच गेलेला आहे. चौकशीला आलेल्या पोलीस डेप्युटीला हे पटेना, कारण मंगळवारी बारा वाजता त्याला मी, पर्व्हिस आणि मोटेलवाली, तिघांनी धक्क्यावर पाहिलं होतं. मी शपथेवर सांगितलं की दोघांना धडधाकट उतरवलं. डेप्युटीने लिहून घेतलं की गँट बहुधा नंतर एकटाच त्या पट्टीवर परत गेला असावा.

दुपारी डेप्युटीने पर्व्हिसच्या दुकानातून गँटच्या घरी फोन लावला, बायकोला कळवायला. मी गल्ल्यापाशी उभा होतो. तो थोडा वेळ ऐकत राहिला, मग त्याने रिसीव्हर ठेवला.

"कोणीतरी पुरुष आहे," तो म्हणाला. "फार गोड बोलतो. म्हणे, ती आत्ता फोनवर येऊ शकत नाही."

"नाव विचारलंत?" पर्व्हिस म्हणाला.

"मर्ल म्हणाला." डेप्युटीने टोपी डोक्यावर ठेवली. "घरात भाऊबंद जमले असतील. लोकांना थट्टाही कधी सुचते बघा. उद्या तिथल्या पोलिसांना सांगतो, जाऊन येतील."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, हो, उद्या बरं पडेल.

मर्ल गँट मंगळवारी, ११ ऑक्टोबर १९८३ रोजी सकाळी दहाच्या सुमारास बुडून वारला. लोरीन गँट गुरुवारी, १३ ऑक्टोबरला, जॉर्जियात स्वतःच्या घरी वारली. तिथल्या डॉक्टरने वेळ लिहिली आहे, संध्याकाळचे सहा. आमचा फोन अडीच वाजता झाला होता.