भट्टीच्या दाराआडचे तीन ठोके

ही हकीकत रचलेली नाही. ज्यांच्यावर ती गुदरली ते गोकुळदास परब, माझ्या आईचे मामा, अजून हयात आहेत. सावंतवाडीला असतात.

२९ मे १९९३. डिचोली. दुपारचे दीड.

हो, दुपारच. लख्ख उन्हात घडलंय हे.

पाळी गावच्या एका खाणीवर पूर्वी खनिजाच्या वाघिणी ओढणारं वाफेचं छोटं इंजिन होतं. कितीतरी वर्षं ते झाडोऱ्यात गंजत पडलेलं. दुसऱ्या दिवशी गोव्याचा घटक राज्य दिन, त्या मुहूर्तावर ते एका बागेत लोकांना बघायला ठेवायचं ठरलं. चौथरा झाला, काळा रंग झाला. मामा त्या इंजिनाचे जुने फिटर, म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलेलं.

एकच काम उरलं होतं. पोरंटोरं आत शिरू नयेत म्हणून भट्टीचं दार वेल्डिंग करून कायमचं बंद करायचं.

मामांनी बॅटरी मारून आत पाहिलं. रिकामी भट्टी. काजळीने माखलेल्या नळ्या.

बाकी काही नाही.

त्यांनी दार वेल्डिंग करून बंद केलं. बाकीचे सगळे जेवायला गेले. मामा सावलीत बसले, पिशवीतून उंडो पाव काढला, तुकडा मोडला.

वर कावळ्यांचा गोंगाट चालला होता...

तो एकदम थांबला.

आणि इंजिनाच्या पोटातून आवाज आला.

ठक्... ठक्... ठक्.

मामांचा घास हातातच राहिला.

खाणीवर एक रीत होती. भट्टी साफ करायला आत शिरलेला माणूस तीन ठोके द्यायचा. म्हणजे मी आत आहे, आग घालू नका. बाहेरचा तीन ठोके देऊन कळवायचा... ऐकलं.

जुनी सवय. मामांनी हातोडी उचलली आणि तीन ठोके दिले.



मग दाराला तोंड लावून कोणीतरी बोललं...

"गोकळ्या... दार काड रे."

मामांना गोकळ्या म्हणणारा एकच माणूस होता. विठ्ठल. त्यांचा जोडीदार. भट्टी साफ करायचं काम त्याचंच.

पण विठ्ठल इंजिनात मेला नव्हता. पेडण्यात, हळर्णेला, स्वतःच्या घरी तापाने गेला होता. बावीस वर्षांपूर्वी. मामांनी त्याला खांदा दिला होता.

मामांनी कटर पेटवला. दार कापलं.

आतून वाफ तोंडावर आली. गरम, ओली. पाण्याचा थेंब नसलेल्या इंजिनातून.

आत कोणीच नव्हतं.

पण अर्ध्या नळ्या... लख्ख घासलेल्या होत्या.

तेवढ्यात इंजिनियर सुदेश जेवून आला.

"मामा, दार कित्याक कापलंत? उद्या मंत्री येतात!"

"साहेब, आत माणूस आसा."

सुदेशने वाकून पाहिलं. "कोण नाही. ऊन लागलंय तुम्हाला."

"नळयो बघा!"

"तुम्हीच घासल्या असतील."

त्याने दुसऱ्या वेल्डरला हाक मारली. मामा आडवे झाले. "थांबा! तेका भायर येवंदे!" दोघांनी त्यांना धरून बाजूला नेलं. त्यांच्या डोळ्यांदेखत दार पुन्हा बंद झालं.

दुसऱ्या दिवशी तिकडे हार पडले, टाळ्या वाजल्या. मामा मात्र बस पकडून हळर्णेला गेले होते, विठ्ठलच्या बायकोकडे. देवकीवहिनींनी सगळं ऐकून घेतलं. घाबरल्या नाहीत, रडल्या नाहीत. एकच विचारलं...

"दार बंद करच्या आदी, ते भायर इल्ले?"



त्यानंतर मामा डिचोलीला गेले नाहीत. लग्नाचं बोलावणं आलं तरी नाही.

मागच्या वर्षी मी गेले होते. इंजिनासमोर पोरं खेळत होती. भट्टीच्या दाराजवळ दहा मिनिटं उभी राहिले.

पण कान लावायची हिंमत झाली नाही.