उजवीकडची बाटली

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. पण आमच्या वहिनी थापा मारणाऱ्यांतल्या नाहीत. आणि हे सगळं भर दुपारी घडलंय, शेजारच्या हॉलमध्ये शिलाई मशीन चालू असताना.

वहिनी शर्टांच्या कारखान्यात कटिंग मास्टर. बाळंतपणाची रजा संपवून कामावर आल्या तेव्हा बाळ चांगलं गुटगुटीत होतं. दादा त्याला भोपळ्याच म्हणायचा.

जेवणाच्या सुट्टीत वहिनी बटणांच्या गोदामाशेजारच्या खोलीत बसून पंपाने दूध काढायच्या. दोन्हीकडे एकेक बाटली. खोलीत एक स्टूल, एक प्लग आणि दाराला कडी.

पहिल्याच दिवशी बसल्या बसल्या पान्हा फुटला. उजवीकडे तर जरा जास्तच.

डावी बाटली भरली.

उजवी... कोरडी.

थेंबसुद्धा नाही. छाती मात्र हलकी, रिकामी झालेली.

पंप बिघडला असेल म्हणून त्यांनी नळ्या बदलून पाहिल्या. रोज तेच. पुढे डावीकडचंही कमी होऊ लागलं. भोपळ्याचे गाल उतरले. घरी तो रिकामंच चोखून रडायचा आणि वहिनींचं आतडं तुटायचं.

एके दुपारी त्यांनी पंप बंद केला, तरी आवाज येतच राहिला...

चुक. चुक. घोट.

चुक. चुक. घोट.

वहिनींनी खाली पाहिलं. कोणी नव्हतं. उजव्या मांडीवर मात्र ऊब होती. आणि थोडंसं वजन.

त्या दिवशी उजव्या बाटलीच्या तळाशी चमचाभर दूध सापडलं, पिऊन उरल्यासारखं. घट्ट. पिवळं.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी ते उजेडात धरलं. "हा तर चीक आहे. बाळ जन्मल्यावर पहिले दोन-तीन दिवस येतो तो. तुमचं केवढं आहे?"

"आठ महिन्यांचं."

"मग हा आता यायला नको, बाई. मूल वाढतं तसं दूध बदलत जातं. हे आत्ताच जन्मलेल्याचं आहे." नर्सबाईंनी बाटली खाली ठेवली. "आणखी कोणाला पाजता का?"

वहिनींनी बाटली उचलली आणि तडक घर गाठलं.

तरी दुसऱ्या दिवशी त्या त्याच खोलीत गेल्या. पोटच्या पोराचा प्रश्न होता.

आज आवाज डावीकडून येत होता...

"हे बघ," त्या म्हणाल्या, "डावीकडचं माझ्या बाळाचं. तिकडे जायचं नाही. उजवीकडे ये. मी अडवणार नाही."

आवाज थांबला.

मग... उजवी मांडी हळूहळू गरम झाली.

त्या दुपारी डावी बाटली काठोकाठ भरली. भोपळ्याने बघता बघता बाळसं धरलं.

वहिनींनी तो कारखाना सोडला. मग घरही बदललं.

भोपळ्या आता शाळेत जातो. डावीकडचं दूध केव्हाच आटलं.

उजवीकडचं नाही. तपासण्या झाल्या, गोळ्या झाल्या. दादाने आता विचारणं सोडलंय. दुपार झाली की वहिनी आतल्या खोलीत जातात आणि कडी लावून घेतात. शब्द मोडला तर ते कोणाकडे वळेल, या भीतीने.

परवा मी धीर करून विचारलं, दूध कसलं येतं?

त्यांनी बंद दाराकडे पाहिलं.

"चीकच," त्या म्हणाल्या. "मोठंच होत नाही ते."