तांदळावरचा हात

बोरीवलीत, नॅशनल पार्कच्या कुंपणाला पाठ लावून उभ्या असलेल्या त्या इमारतीत नळाला पाणी दुपारी साडेतीनला यायचं आणि पाचला जायचं. इमारत पाडून तिथे टॉवर व्हायचा होता. चोवीस बिऱ्हाडांपैकी बावीस केव्हाच निघून गेली होती. उरल्या होत्या पहिल्या मजल्यावरच्या संघमित्राबाई आणि तिसऱ्या मजल्यावरचे जयवंत परब. चोवीस घरांचं पाणी दोघांच्या वाट्याला येत होतं, एवढंच काय ते सुख.

त्या मंगळवारी परब पिंप भरत होते. पिंप भरलं की नाही ते बघायला वाकले आणि शर्टाच्या वरच्या खिशातला फोन डुबकन पाण्यात गेला. एकट्या माणसाला पिंपभर पाणी कशाला लागतं, हे कोणी विचारू नये. बायको भरायची, म्हणून तेही भरत.

खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी फोन काढला. पडदा काळा पडला होता, कडेने पाणी ओघळत होतं. फोन जुनाच, मागचं झाकण नखाने उघडता येणारा, त्याची किंमत भंगारातच झाली असती. पण त्या फोनात मालन होती.

मालन म्हणजे त्यांची बायको. गेल्या वैशाखात वारली, तिला आता आठ महिने होत आले होते. तिचा आवाज म्हणून जगात एकच गोष्ट शिल्लक होती, ती म्हणजे या फोनातला चौदा सेकंदांचा निरोप. भाचीच्या साखरपुड्याला घाटकोपरला जायचं होतं. मालन पुढे जाऊन रिक्षा थांबवून उभी, आणि परब वर नेहमीप्रमाणे कुलूप लावून दोनदा मागे फिरून ओढून बघत बसलेले. तेव्हा तिने खालून वैतागून पाठवलेला निरोप: "ऐकलात? मी खाली उभी आसय. रिक्षा थांबवन ठेवलंय. कुलूप नीट लावा आणि बेगीन येवा." मागे रिक्षाचा हॉर्न, दोनदा. बस्स.

रोज संध्याकाळी सातला दिवा लावून झाला की परब ते चौदा सेकंद एकदाच ऐकत. मुलगी दिशा पुण्याहून सारखी म्हणायची, "बाबा, मला पाठवून ठेवा ना तो मेसेज." त्यांनी नाही पाठवला. पाठवला की आवाज थोडा पातळ होईल, असं त्यांना उगाच वाटायचं. ते आता अंगाशी आलं होतं.

ते तसेच ओल्या बाहीने खाली धावले. फाटकाशी संघमित्राबाईंचा टेम्पो उभा होता. त्यांचा आज निघायचा दिवस होता, भावाकडे कांजूरमार्गला.

"काका, आधी बॅटरी काढा," फोन बघून त्या म्हणाल्या. "काढली? आता चालू करून बघायचा मोह नको. चार्जिंग तर अजिबात नको, नाहीतर वाट लागली समजा. तांदळात पुरून ठेवा आणि दोन दिवस हात लावू नका."

"तांदूळ..."

"माझे तर टेम्पोत गेले, तळाशी. तुमच्याकडे असतील ना?"

होते. परबांच्या घरात तांदूळ होते, आणि तीच तर पंचाईत होती.

मालन दरवर्षी गावाहून तांदूळ आणून पत्र्याच्या मोठ्या डब्यात भरायची, वर कडुनिंबाचा पाला. रोजचे तांदूळ काढून झाले की वरचा थर हाताने सारखा करायची आणि त्यावर उजव्या हाताचा पंजा दाबून ठेवायची. कोणी मागून हात घातला, उंदराने की माणसाने, तर ठसा मोडलेला दिसला पाहिजे. तिच्या आईचीही हीच रीत. तिची करंगळी लहानपणी उखळात सापडून वाकडी झालेली, त्यामुळे ठसा तिचाच हे कोणीही ओळखावं. ती गेली त्या सकाळीही तिने भात लावला होता आणि ठसा दाबला होता. तेव्हापासून परब खानावळीचा डबा खात होते. शनिवारी एकदा झाकण उघडून बघायचे आणि श्वाससुद्धा न सोडता परत लावायचे.

आता मालनचा हात वाचवायचा की आवाज, असा प्रश्न होता. विचार करायला वेळ कुठे होता? पाणी आत मुरत होतं. परबांनी वर येऊन बॅटरी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली, डबा उघडला, डोळे मिटले आणि फोन धरलेला हात मालनच्या तळहातात घातला. तांदूळ सळसळत कोसळले. ठसा मोडला.

वाण्याकडून किलोभर तांदूळ आणता आले असते, हे त्यांना नंतर सुचलं. तेव्हा मात्र ते डब्याशेजारी फरशीवर बसून लहान मुलासारखे रडले.

टेम्पो गेला. वॉचमनने फाटकाला साखळी लावली आणि तो नाक्यावरच्या आपल्या खोपटात गेला. इमारतीत परब एकटे उरले. रिकामी घरं बाविसांची तेवीस झाली होती, फरक तो केवढासा! पण आजवर खालून संघमित्राबाईंच्या कुकरची शिट्टी तरी यायची. आता जिन्यात नुसता ओल्या चुन्याचा वास होता आणि रिकाम्या घरांतली दारं वाऱ्याने हळूहळू हलत होती.

सात वाजले. परबांनी दिवा लावला आणि सवयीने हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून घर्र, घर्र असा बारीक आवाज आला. पत्रा थरथरत होता. फोन तांदळात वाजत होता.

परब इतके आनंदले की सांगता सोय नाही. वाचला! धावत आत गेले, झाकणावर हात ठेवला, आणि त्यांची नजर खिडकीकडे गेली. बॅटरी तिथेच होती.

थरथर थांबली. त्यांनी झाकण उघडलं नाही. दोन दिवस हात लावायचा नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. खरं सांगायचं तर, उघडायची छाती झाली नाही. ती रात्र त्यांनी बाहेरच्या खोलीत, दिवा चालू ठेवून काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, उन्हात, खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. दोनदा. परबांनी गॅलरीतून वाकून बघितलं. फाटकाला साखळी होती. आवारात एक कुत्रं झोपलं होतं, ते उठलंही नाही.

आणि पाठीमागे, स्वयंपाकघरात, पत्र्याआडून दबलेला आवाज आला.

"ऐकलात..?"

भिंतीला धरून ते आत आले. बॅटरी खिडकीतून उचलून त्यांनी मुठीत घट्ट धरली. आपली खात्री असावी म्हणून.

"मी खाली उभी आसय..." थोडा वेळ तांदूळ चाळल्याची सळसळ. "कुलूप... लावलात?"

तो निरोप परबांना तोंडपाठ होता. आठ महिने, रोज एकदा. त्यात मालन "कुलूप नीट लावा" म्हणत होती. विचारत नव्हती.

"मालन..?" त्यांनी हळूच म्हटलं.

"नाय गो," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "अजून नाय लावलंय."

पत्र्याच्या आत कोणीतरी सुस्कारा सोडल्यासारखं झालं. वैतागल्यासारखं. मालन सोडायची तस्साच.

भीती वाटत होती का? वाटत होती. पण आठ महिन्यांत त्यांना कोणी "कुलूप लावलंत का" म्हणून विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं. ते स्टूल ओढून डब्याशेजारी बसले आणि दिवसभर बसून राहिले. खानावळीचा पोऱ्या जेवणाचा डबा फाटकाला टांगून गेला, तो आणायलाही उतरले नाहीत. तांदळाचा डबा पुन्हा बोलला नाही.

गुरुवारी पाचला नळाचं पाणी गेलं. दोन दिवस पुरे झाले होते. परबांनी आज पिंप भरलं नव्हतं. हात कोरडे पुसले आणि झाकण काढलं.

फोन वरच होता. त्यांनी तो चांगला चार बोटं खोल पुरला होता, पण आता तो तांदळावर ठेवलेला होता, स्वच्छ पुसलेला. त्यांनी चिमटीत धरून उचलला, बॅटरी घातली, बटण दाबून धरलं. एकदा, दोनदा, दहादा. पडदा काळाच राहिला. कानाशी नेला. आत काहीच नव्हतं. चौदा सेकंद गेले होते, कायमचे.

परबांचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनीच त्यांनी खाली डब्यात बघितलं.

तांदूळ एकसारखे केलेले होते. डाव्या बाजूला वाकड्या करंगळीचा पंजा उमटला होता, खोल, ताजा. त्याच्या शेजारी, मधे फोनाएवढी जागा सोडून, दुसरा पंजा होता. मोठा, पुरुषाचा. अंगठ्याखाली आडवी चीर. तशी चीर परबांच्या हाताला होती, कंपनीत पत्रा लागला होता तेव्हाची.

त्यांनी आपला उजवा हात वळवून बघितला. तळहाताच्या रेषांत तांदळाचे दाणे रुतले होते. मंगळवारनंतर तर त्यांचा तळहात तांदळाला लागलाच नव्हता.

खाली हॉर्न वाजला. दोनदा.

"बेगीन येवा..." या वेळी आवाज डब्यातून आला नाही. जिन्यातून आला.

परबांनी फोन दोन पंजांच्या मधल्या जागेत ठेवला. तो तिथे नेमका बसला. दिव्यात तेल घातलं, स्वच्छ शर्ट चढवला, खिळ्यावरचं कुलूप काढलं. बाहेर येऊन दाराला लावलं आणि जिना उतरू लागले. खाली फाटकाची साखळी जशीच्या तशी होती, आवारात चिटपाखरू नव्हतं, आणि तरीही चालू रिक्षाची धडधड कठड्यातून त्यांच्या तळहाताला लागत होती.

दुसऱ्या मजल्यावर त्यांना कुलपाची आठवण झाली. पण ओढून बघायला ते मागे फिरले नाहीत.