“टिक्या मजेत आहे!”

“तळ्यापर्यंत जायचं तर डबा हवाच,” सायकलची साखळी पुसत ढापण्या म्हणाला. “रिकाम्या पोटी मी पॅडल मारत नाही!”

“तू भरल्या पोटीही मारत नाहीस. चढ दिसला की खाली उतरतोस!” लवंगीनं तडकावलं.

लवंगी नऊ वर्षांची, पण जिभेनं एकोणीस वर्षांची. तिची थोरली बहीण बारा वर्षांची. तिचे पाय एका जागी ठरत नसत, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. खालच्या मजल्यावर राहणारा ढापण्या तेरा वर्षांचा. चष्मा जाड असला तरी त्याच्या नजरेतून मुंगीही सुटत नसे.

तेवढ्यात भिंगरीच्या हातातला आईचा फोन वाजला.

“आला, आला! टिक्याचा फोटो आला!” ती ओरडली.

फोटोखाली लिहिलं होतं, “टिक्या मजेत आहे! आत्ताच पोटभर जेवला.”

टिक्या म्हणजे त्यांचा अकरा वर्षांचा तपकिरी कुत्रा. दोन्ही डोळ्यांच्या वर पांढरे ठिपके, म्हणून टिक्या. घरातलं कुणी बाहेर निघालं की त्याची एक चप्पल पळवायची आणि पलंगाखाली जाऊन तिच्यावरच बसून राहायचं, ही त्याची खोड. पण आत्याचं डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ती त्यांच्याकडे राहायला आली. “घरात आठ दिवस कुत्र्याचा एक केसही नको,” असं तिच्या डॉक्टरांनी बजावलं. म्हणून रविवारी टिक्याला गावाबाहेरच्या श्वानघरात ठेवावं लागलं. गेल्या उन्हाळ्यातही तो तिथं चार दिवस राहिला होता. या वेळी मात्र निघताना तो असा केविलवाणा ओरडला, की भिंगरी कान झाकून बाहेर पळाली होती. मागे वळूनसुद्धा न बघता! ते तिला रोज टोचत होतं.

“दाखव,” म्हणत ढापण्यानं फोन घेतला. त्यानं फोटो मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. “भिंगरे, शनिवारी टिक्याचं रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरबाईंनी त्याच्या पायावरचे केस काढले होते ना?”

“हो, पुढच्या डाव्या पायावरचे. रुपयाएवढी जागा अगदी गुळगुळीत झाली होती.”

“मग हा पाय बघ!”

भिंगरीनं पाहिलं. डावा पाय. वरपासून खालपर्यंत दाट, तपकिरी केस!

“सहा दिवसांत एवढे केस उगवतात?” लवंगीनं विचारलं.

“नाही उगवत,” ढापण्या म्हणाला. “हा फोटो आजचा नाहीच. हा गेल्या उन्हाळ्यातला आहे!”

भिंगरीनं घाईघाईनं आधीचे फोटो काढले. सोमवारचा, मंगळवारचा, दोन्हींत पायावरचा गुळगुळीत डाग स्पष्ट दिसत होता. बुधवारी सकाळच्या फोटोतही होता. गुरुवारी मात्र नुसता चेहरा, आणि आज हा जुना फोटो.

टिक्याला हिवाळ्यापासून आकडी यायची. सकाळी एक आणि संध्याकाळी एक गोळी दिली की तो छान राहायचा. “एकही चुकवायची नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. “चुकली तर आकडी येणार. आणि एकामागून एक येत राहिली तर…” ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं नव्हतं.

तिघं धडाधड जिना चढून वर गेले. आई शिवणयंत्रावर वाकून पडदे शिवत होती. तिनं एक डोळा सुईवर ठेवूनच सगळं ऐकून घेतलं.

“चुकून जुना फोटो आला असेल गं. एवढी चाळीस कुत्री सांभाळतात ते. उगाच शंका काढू नका.”

“आई, मी फक्त एक फोन करते. तू काही बोलू नकोस, नुसतं ऐक!” भिंगरी म्हणाली आणि तिनं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. पलीकडून श्वानघराच्या मालकांचा मधाळ आवाज आला.

“बोल बाळ! टिक्या एकदम मजेत!”

“काका, त्याच्या शेपटीला पट्टी बांधली होती ना, ती तशीच आहे का?”



“पट्टी… हो, हो! आजच बदलली. स्वतः बदलली मी! जखम छान भरतेय.”

भिंगरीनं फोन बंद केला. टिक्याच्या शेपटीला कधीच पट्टी बांधलेली नव्हती!

शिवणयंत्र थांबलं. आईनं कात्री खाली ठेवली, आतल्या खोलीत आत्याला “आलेच हं” म्हणून सांगितलं आणि स्कूटरची किल्ली उचलली. “चला,” ती म्हणाली. तिचा चेहरा बघून लवंगी सगळ्यांच्या आधी जिना उतरली.

श्वानघराच्या फाटकापाशी मालक आडवेच उभे राहिले. “आत सोडता येणार नाही, ताई. भेटीची वेळ नाही. कुत्री बिथरतात.”

“माझा कुत्रा मला दाखवा,” आई म्हणाली.

“झोपलाय तो.”

“मग झोपलेला दाखवा!”

दोघांची अशी जुंपलेली असताना ढापण्यानं भिंगरीला डोळ्यानं खुणावलं. तिघं भिंतीच्या कडेनं मागच्या बाजूला गेले. जाळीच्या पलीकडे पिंजऱ्यांची रांग होती. कुणी भुंकत होतं, कुणी जाळीवर नाक घासत होतं. नवव्या पिंजऱ्यात मात्र टिक्याची निळी चादर घडी केल्यासारखी पडली होती. ताटलीतलं खाणं वाळून कडक झालं होतं आणि त्यावर मुंग्यांची रांग लागली होती. खिळ्याला वार लिहिलेलं गोळ्यांचं पाकीट लटकत होतं.

“रविवार संध्याकाळपासून बुधवार सकाळपर्यंतच्या गोळ्या संपल्यात,” ढापण्या डोळे बारीक करून म्हणाला. “त्यापुढची एकही काढलेली नाही.”

“म्हणजे बुधवार संध्याकाळची, कालच्या दोन आणि आज सकाळची…” भिंगरीनं बोटांवर मोजलं. “चार गोळ्या चुकल्या!”

“पोरांनो!” मागून कुणीतरी हळूच हाक मारली.

पिंजरे धुणाऱ्या मावशी हातात खराटा घेऊन उभ्या होत्या. त्यांचे डोळे सुजलेले होते. “तुमचाच ना तो, पांढऱ्या ठिपक्यांचा? अगं, बुधवारी सकाळी खाद्याची पोती घेऊन टेम्पो आला. मी तुमच्या टिक्याला फिरवायला बाहेर काढलं होतं. टेम्पोवाल्यानं मागचं फाटक सताड उघडं ठेवलं. मी पाण्याचा नळ बंद करून येते तोवर हा गायब! साहेब म्हणाले, येईल परत, घरच्यांना कळवायचं नाही. कळलं तर माझी नोकरी गेली. दोन दिवस मी आजूबाजूची शेतं पालथी घातली. कुठ्ठेच नाही!”

“मावशी, टेम्पो कोणत्या रंगाचा होता?” भिंगरीनं एकदम विचारलं.

“निळा. मागे ताडपत्री.”

भिंगरी आणि लवंगीनं एकमेकींकडे पाहिलं.

“बाबांचा टेम्पो पण निळाच!” लवंगी किंचाळली.

बाबा टेम्पो चालवत आणि सध्या लांबच्या फेरीवर गेले होते. गावातल्या गावात फेरी असली की टिक्या मागे उडी मारून चढायचा आणि कोपऱ्यात मुटकुळं करून झोपायचा. निळा टेम्पो म्हणजे घर, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

“तो पळाला नाही!” भिंगरी म्हणाली. “तो घरी जायला निघाला होता. टेम्पोत चढलाय तो! मावशी, टेम्पो इथून कुठं गेला?”

“खाद्याच्या गोदामात. कालव्याच्या पुलापलीकडे. उरलेली पोती उतरवायला.”

तिघं धावत आईकडे आले. मालक अजूनही “माझं ऐका तर खरं” म्हणत होते. आईनं मुलांचं ऐकलं, मालकांचं नाही. लवंगी स्कूटरवर मागे बसली. भिंगरी आणि ढापण्यानं सायकली अशा हाणल्या, की पुलाच्या चढावरही ढापण्या खाली उतरला नाही.

गोदामाचं लोखंडी दार बंद होतं. बाहेर खुर्चीत वॉचमन काका पाय पसरून बसले होते.

“गोदाम बुधवार दुपारपासून बंद आहे,” ते जांभई देत म्हणाले. “मालक परगावी गेलेत. सोमवारी या.”

“काका, आत आमचा कुत्रा आहे!”

“कुत्रा बित्रा काही नाही. काल जरा खुडबुड ऐकू येत होती. उंदीर आहेत उंदीर!”

“आणि आज?” ढापण्यानं विचारलं.

“आज नाही काही आवाज.”

भिंगरीनं दाराला कान लावला आणि जिवाच्या आकांतानं हाक मारली, “टिक्या! ए टिक्या!”

आतून काहीच आलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली. आता आत कुठंतरी, खूप खोल, काहीतरी खरवडल्यासारखं झालं. एकदाच.

“आहे! आहे तो! दार उघडा काका!”

“मालकांना विचारल्याशिवाय मी कुलपाला हात लावत नाही.”

“मग मालकांना फोन करा,” आई म्हणाली.

“ते जेवणाच्या वेळी चिडतात.”

भिंगरी रडकुंडीला आली. पण लवंगी कमरेवर हात ठेवून वॉचमन काकांसमोर जाऊन उभी राहिली.

“राहू दे गं ताई! काका सोमवारीच उघडतील. तोवर टिक्या सगळी पोती फाडेल. त्याला फार आवडतं पोती फाडायला! हो ना रे ढापण्या?”

ढापण्याच्या लगेच लक्षात आलं. “हो तर! गेल्या महिन्यात त्यानं एका दुपारी गादी फाडली होती. पोती म्हणजे काय, किस झाड की पत्ती! मालक विचारतील, वॉचमन काय करत होता? काका म्हणतील, उंदरांचा आवाज ऐकत होतो!”

वॉचमन काका ताडकन उठले. किल्ली त्यांच्या खिशातच होती!

दार करकरत वर गेलं. आतून गरम, कोंदट हवेचा लोट अंगावर आला. पोत्यांच्या दोन थप्प्यांमधल्या अरुंद फटीत तपकिरी काहीतरी दिसलं. टिक्यानं मान उचलायचा प्रयत्न केला. उचलली गेली नाही. जीभ कोरडी पडली होती आणि मागच्या पायांजवळची जमीन नखांनी ओरबाडलेली होती.

“टिक्या, मी आले रे!” भिंगरी गुडघ्यांवर बसली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. आणि त्याच क्षणी त्याचं अंग ताठ झालं, डोळे फिरले, चारही पाय झटके देऊ लागले.

“अरे देवा! तोंडात काहीतरी घाला!” वॉचमन काका ओरडले.

“नाही! कुणी हात लावायचा नाही!” भिंगरी इतक्या जोरात ओरडली, की काका दोन पावलं मागेच सरले. “पोती बाजूला करा, त्याचं डोकं आपटेल! आई, ओढणी दे! ढापण्या, घड्याळ बघ!”

आईची ओढणी गुंडाळून तिनं हळूच टिक्याच्या डोक्याखाली सरकवली. ढापण्या घड्याळ बघून सांगत होता, “वीस सेकंद… चाळीस… एक मिनिट…” लवंगीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं होतं. आईनं डॉक्टरबाईंना फोन लावला.

“दीड मिनिट… थांबतंय! भिंगरे, थांबतंय!”

टिक्याचं अंग सैल पडलं. भिंगरीनं त्याच्या छातीवर हात ठेवला. आत धडधड चालू होती.

वॉचमन काकांनी आता एकदम धावाधाव केली. त्यांनीच रस्त्यावर जाऊन एक रिकामी गाडी थांबवली, त्यांनीच टिक्याला ताडपत्रीवरून उचलून गाडीत ठेवलं. “मला वाटलं उंदीरच,” ते सारखं म्हणत होते.

दवाखान्यात टिक्याला सुई टोचली, सलाईन लागलं. तिघं बाकावर एकमेकांना चिकटून बसले. भिंतीवरचं घड्याळ सरकतच नव्हतं. आईनं भिंगरीचा हात हातात घेतला.

“तू म्हणालीस तेव्हाच मी यंत्र थांबवायला हवं होतं,” ती हळूच म्हणाली. “चुकलं माझं.”

दोन तासांनी डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी हातमोजे काढले आणि बाकासमोर स्टूल ओढून बसल्या.

“वाचला,” त्या म्हणाल्या.

लवंगी भोकाड पसरून रडू लागली. इतका वेळ तिनं सगळं दाबून ठेवलं होतं!

“सोमवार उजाडला असता तर मी काही करू शकले नसते. संध्याकाळपर्यंतसुद्धा खूप उशीर झाला असता. मोठमोठी माणसं अशा वेळी कुत्र्याच्या तोंडात चमचा घालतात आणि दोघांनाही इजा होते. तुम्ही तिघांनी जे केलं, ते मी माझ्या मदतनिसांना शिकवते.” मग त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. “पण तुला खरं सांगते, कारण तू खरं ऐकू शकतेस. त्याचं वय झालंय. या दोन दिवसांत त्याची खूप ताकद गेली. मागचे पाय पूर्वीसारखे होणार नाहीत. टेम्पोत उड्या मारणं आता संपलं.”

भिंगरीनं मान हलवली. मग तिनं विचारलं, “दुखेल का त्याला?”

“नाही. ते आपण बघू.”

आईनं फोन करून बोलावलेले श्वानघराचे मालक दाराशी येऊन उभे होते. आवाजातला मध पार आटला होता. “चूक झाली,” ते खाली बघत म्हणाले. “घाबरलो मी. नाव खराब होईल वाटलं.”

“खरं सांगितलं असतंत तर आम्ही बुधवारीच शोधला असता!” ढापण्या म्हणाला. “आणि पिंजरे धुणाऱ्या मावशींना काढू नका. त्यांच्यामुळेच सापडला तो!”

“काढलं तर त्यांना इकडे पाठवा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “खरं बोलणारी माणसं मला हवीच आहेत.”

मालकांनी त्याच बाकावर बसून, सगळ्यांसमोर, श्वानघरातल्या प्रत्येक कुत्र्याच्या घरी फोन केला. काय झालं ते सांगितलं आणि कधीही येऊन बघायची मोकळीक दिली. आई शेवटच्या फोनपर्यंत तिथून हलली नाही.

संध्याकाळी टिक्याला घरी आणलं तेव्हा जिन्यापाशी ढापण्याची आई दार उघडून उभी होती. पुढच्या खोलीत तिनं गोधडी अंथरून ठेवली होती.

“आत्याबाई बऱ्या होईपर्यंत हा इथंच राहील. मला आधी का नाही विचारलंत?”

“मी विचारलं होतं!” ढापण्या म्हणाला. “तू म्हणालीस, घरात एक वेंधळा पुरे!”

“म्हणाले असेन,” ती म्हणाली आणि तिनं त्याला जवळ ओढलं. “आता शब्द मागे घेते. या वेंधळ्याला जे दिसलं, ते आम्हा कुणालाच दिसलं नाही.”

तेवढ्यात गोधडीवर हालचाल झाली. टिक्या उठायची धडपड करत होता. मागचे पाय घसरले. तो बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. भिंगरी पुढे धावली, पण आईनं तिला खांद्याला धरून थांबवलं.

तिसऱ्या वेळी तो उभा राहिला. डगमगत, एकेक पाऊल टाकत तो कोपऱ्यातल्या पाण्याच्या भांड्यापर्यंत गेला आणि लपालपा पाणी पिऊ लागला. अर्धं पाणी ढापण्याच्या आईच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर सांडलं.

कुणीही त्याला रागावलं नाही.