जेवून येतो, तवर दारं धरा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडा. पण ही थाप न्हाय. गडमुडशिंगीच्या बाळासोनं माझ्यासमोर शपथ घेऊन सांगितलंय.

गेल्या फेब्रुवारीतला मंगळवार. सकाळचे अकरा. कोल्हापुरातलं एक हॉस्पिटल, तिसरा मजला.

आत बाळासोची बायको, संयोगिता. डोकं फुटेस्तोवर दुखायचं, चालताना तोल जायचा. डॉक्टर म्हणाले होते, "मेंदूतलं पाणी वाहायची वाट बंद झालीय. दुर्बिणीनं आत जाऊन नवी वाट करून द्यायची. उशीर केला तर जिवाला धोका."

"म्हंजे दारं मोडायचं की, डॉक्टर!" बाळासो बोलून गेला. उसात पाणी दुसऱ्या सरीत वळवायला मातीचा बांध फोडतात ना, तेच.

बोलला आणि त्यानं जीभ चावली.

कारण वर्षापूर्वी... रानात पाण्याची पाळी होती. "आण्णा, जेवून येतो, तवर दारं धरा," म्हणून तो म्हाताऱ्या बापाला उसात पाणी वळवायला ठेवून घरी आला. जेवला. आडवा झाला. डोळा लागला.

दिवस मावळताना आण्णा सरीत पालथे सापडले. हातात खोरं तसंच.

आण्णा आपणहून रानात गेले, असंच त्यानं सगळ्यांना सांगितलं. संयोगितालाही. ती तेव्हा माहेरी होती.

ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं. बाहेर बाकड्यावर बाळासो एकटाच.

तेवढ्यात...

खुळखुळ... खुळखुळ...

सरीतनं पाणी पळाल्यासारखं.

"सिस्टर, नळ चालू हाय का कुठं?"

"इथं नळच नाही हो."

मग... खच्च... खच्च...

खोरं मातीत घुसल्याचा आवाज. त्या बंद दारापलीकडून!

बाळासो उठून दाराला कान लावून उभा राहिला.

...आणि एकदम सगळं शांत.

डॉक्टर बाहेर आले. "झालं. पाणी व्यवस्थित वाहतंय. मात्र ही वाट कधीकधी परत बुजते. लक्ष ठेवू."

संध्याकाळी संयोगितानं डोळे उघडले.

"अहो... आण्णा आल्ते."

"काय बडबडतीस? पड गप."

"खरंच. म्हटले, दारं मी धरलंय. बाळासोला म्हणावं, जेवण झालं की ये."

आता सांगा! हे तिला कुणी सांगितलं?

आठ महिने झाले. संयोगिता ठणठणीत आहे. तपासणीत वाट उघडीच दिसते. डॉक्टर खूश.

बाळासो मात्र खंगत चाललाय. "बाप अजून माझी वाट बघत उभा हाय," म्हणून पोरासारखा रडतो. आणि आण्णांनी 'ये' म्हटलंय ते कुठं, हे काय त्याला कळत नाही होय?

परवा मी त्याच्याकडं जेवायला होतो. ताटातला शेवटचा घास त्यानं तसाच ठेवला. रोज ठेवतो म्हणे.

संयोगिता भाकरी वाढता वाढता थांबली. नजर भलतीकडंच.

"आण्णा इचारत्यात," ती म्हणाली, "झालं का जेवण?"

बाळासोनं ताटावर आडवा हात धरला.

"न्हाय... अजून न्हाय."