एकशे बारा सह्या

मेघाली तारे ग्रामपंचायतीची पायरी चढली ती भांडायच्या तयारीनेच. राज्यशास्त्राच्या एम.ए.साठी ती ‘ग्रामसभा आणि लोकांची संमती’ या विषयावर प्रबंध लिहीत होती. चिंचणीपलीकडच्या आपल्याच किनारी गावातल्या सभांची इतिवृत्तं तिला वाचायची होती, आणि जुन्या ग्रामसेवकाने तिला तीनदा परत पाठवलं होतं.

पण आज टेबलामागे नवाच माणूस होता. दर्पण चुरी, बेटेगावचा. त्याने अर्ज वाचला, कपाट उघडलं, वह्यांवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली आणि त्या तिच्यापुढे ठेवल्या. घरून जुळवून आणलेलं भांडण वायाच गेलं...

मग ती रोज येऊ लागली. खिडकीतून खारा वारा यायचा, पानं उडायची, दोघांचे हात एकदमच वहीवर पडायचे. सरकार कशावर उभं असतं, हे ती त्याला तावातावाने सांगायची. लोकांचा होकार काढून घेतला, की मागे नुसती जबरदस्ती उरते, असं तिचं म्हणणं.

“आणि लोक गप्प राहिले तर?” त्याने एकदा विचारलं.

“गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे.”

“मग तुम्ही गप्प असता तेव्हा... मी काय समजायचं?”

मेघालीने मान वहीत घातली. कान मात्र तापले होते.

नवव्या दिवशी तिला एक मेच्या सभेचा ठराव सापडला. मासळी सुकवायची जागा एका रिसॉर्टला गाड्या उभ्या करायला द्यायची – एकमताने मंजूर, एकशे बारा सह्या. त्यांत जमना तारे, म्हणजे तिची आई. जन्मभर अंगठा उठवणाऱ्या आईची सुबक, वळणदार सही! खाली नरहरी धनू, ज्यांच्या तेराव्याला मेघाली दोन वर्षांपूर्वी जेवून आली होती. ठरावाला जोडलेल्या नकलेवर ‘अस्सलबरहुकूम’, म्हणजे मुळाप्रमाणे खरी नक्कल, असा शेरा, आणि त्याखाली दर्पणची सही.

“रुजू झालो त्याच आठवड्यात केली,” तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

“न वाचता?”

“न वाचता.”

“कुणीतरी माझ्या आईच्या तोंडून होकार चोरला, आणि तुम्ही त्यावर शिक्का मारलात.”

पिशवी उचलून ती निघून गेली.

घरी तिने आईला सगळं सांगितलं. बोंबील साफ करता करता जमनाचे हात थांबले. “एक मेला आमी समदी वैतरण्याला हळदीला होतो. आमाला कोनी इचारलंच नाय. आमी काय मेलेलो हाव?”

आठवडाभर मेघाली दारोदार फिरली, बायकांचे अंगठे नि सह्या घेऊन तक्रार तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेली. तिथल्या कारकुनाने सांगितलं, की याच ठरावाविरुद्ध एक पत्र आधीच आलंय. दर्पणचं. आपण न वाचता सही केल्याचं त्याने स्वतःच कबूल केलं होतं आणि सभा पुन्हा घ्या म्हणून मागणी केली होती. मेघालीने ते पत्र दोनदा वाचलं... राग होता तिथेच होता, पण त्याच्या शेजारी आता दुसरंही काहीतरी येऊन बसलं.

जानेवारीत पुन्हा सभा झाली. बायका टोपल्यांसकट आल्या. एकेकीला विचारलं, एकेकीने “नाय” म्हटलं. ठराव रद्द झाला. पण खोट्या सह्या करवणाऱ्या पंचायतीतल्या मंडळींच्या केसालाही धक्का लागला नाही, आणि दर्पणच्या हाती मात्र दूर डोंगरातल्या मोखाड्याला बदलीचा हुकूम पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कार्यालयात आली. तो कपाटाच्या किल्ल्या मोजत होता.

“चोर खुर्चीत, आणि खरं लिहिणारा मोखाड्याला? याला कारभार म्हणतात?”

“चूक माझीही होती.”

“होतीच. मी अजून रागावलेय.”

“माझ्यावर?”

“तुझ्यावरही... थोडीशी.”

पहिल्यांदाच ती त्याला ‘तू’ म्हणाली होती. दोघांनाही ते एकदमच कळलं.

“मेघाली,” किल्ल्या खाली ठेवत तो म्हणाला, “माझ्याशी लग्न करशील? लगेच मोखाड्याला चल असं नव्हे... तुझा प्रबंध होऊ दे, मी थांबेन.”

“करीन. रविवारी घरी ये, आईला विचार. पण आधी कोरा कागद दे. त्या सह्यांची चौकशी मागायचीय, आणि तुझ्या बदलीविरुद्धही लिहायचंय.”

त्याने कागद दिला आणि स्टूल ओढून तिच्या शेजारी बसला. त्यांच्या प्रेमाची पहिली दुपार अशी अर्ज लिहिण्यात गेली – तो तारखा सांगत होता, आणि ती रागाने इतकं दाबून लिहीत होती, की अक्षरं कागदाच्या मागच्या बाजूला उमटत होती.