व्यक्ती ‘क’

“हे तू लिहिलंस?”

थोरलीने न बांधलेल्या कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि हात असा झटकन मागे घेतला, जणू कागद पोळत होते. चहाचा कप तोंडाशी नेलेली धाकटी जागच्या जागी थिजली. कप तिने खाली ठेवला तो नेमका बशीच्या काठावर. तो कलंडला, चहाचा ओघळ गठ्ठ्याच्या दिशेने निघाला, आणि तो पुसायला धावली कोण? थोरलीच! काळजाच्या चिंधड्या उडाल्या तरी कागद भिजू द्यायचा नाही, अठरा वर्षांची सवय ती... हातांना रागावता येत नाही.

“ताई... तुला हे कुठे मिळालं?”

“कुठे मिळणार? माझ्याच बाकावर.”

विद्यापीठाच्या फाटकासमोर बाइंडिंगचं दुकान होतं, तिथे थोरली कामाला होती. दर उन्हाळ्यात शेकडो विद्यार्थ्यांचे अहवाल तिच्या हाताखालून जात. दाभणाने भोकं पाडायची, शिवायचं, पुठ्ठ्याला खळ लावायची, वर सोनेरी अक्षरं. धाकटीने मात्र आपला मानसशास्त्राचा अहवाल तिकडे दूर, नदीपलीकडच्या दुकानात दिला होता. ‘तुझ्यावर कामाचा भार नको, ताई,’ म्हणाली होती, आणि थोरलीला किती भरून आलं होतं! पण त्या दुकानातलं यंत्र बिघडलं, उरलेलं काम त्यांनी इकडे धाडलं, आणि झाकली मूठ आपसूक उघडली.

बाकावर एक नियम होता. पानं वाचायची नाहीत, फक्त क्रमांक पाहायचे. लोकांची विद्या लोकांपाशी! थोरलीने तो नियम कधी मोडला नव्हता. पण बाराव्या पानावर, अवतरणचिन्हांत, एक वाक्य होतं: ‘नापास झाले म्हटलं की कुणी पुन्हा विचारत नाही.’

ते वाक्य तिचं होतं. जगात एकाच माणसापाशी एकदाच बोललेलं!

बाबा गेले तेव्हा थोरली अठराची होती आणि धाकटी तीन वर्षांची. आई अंथरुणाला खिळलेली. त्याच आठवड्यात विद्यापीठाचं पत्र आलं, प्रवेशपरीक्षेतून भौतिकशास्त्राला निवड झाल्याचं. थोरलीने ते ट्रंकेच्या तळाशी, जुन्या चादरीखाली सारलं आणि घरात सांगितलं, नापास झाले. दुसऱ्या दिवशी ती दुकानाच्या बाकावर जाऊन बसली. आईने कपाळाला हात लावला. “डोकं नाहीच थोरलीला, हात आहेत हे नशीब.” पुढे आई बरी झाली, हिंडूफिरू लागली, पण ते वाक्य येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचं काही तिने सोडलं नाही. थोरली ऐकायची आणि हसायची. ते हसणं किती महाग पडत होतं, ते तिचं तिलाच ठाऊक!

दोन वर्षांपूर्वी धाकटी भौतिकशास्त्रात आपटली. तिने भौतिक, रसायन आणि त्यांच्याबरोबर मानसशास्त्र घेतलं होतं. ओळखीपाळखीचे सगळे हसले होते, की एक पाय प्रयोगशाळेत नि दुसरा लोकांच्या मनात, पोरगी मधल्यामध्ये पडणार! पाठीशी उभी राहिली ती एकटी थोरली. “मोजायला शिकलेलं माणूसच दुसऱ्याचं मन जपून हाताळेल,” असं ती अभिमानाने म्हणायची. नापास झालेल्या धाकटीने पुस्तकं भिरकावली, “मला नाही जमणार,” म्हणून हंबरडा फोडला, तेव्हा थोरलीने दोऱ्याला कुलूप बांधून खिडकीत लंबक टांगला, तिला आंदोलनं मोजायला शिकवलं... आणि तिच्या केसांतून हात फिरवता फिरवता आपलं ते जुनं पत्र, ते खोटं, सारं सांगून टाकलं. तिला धीर यावा म्हणून! “आईला कधी कळू देऊ नकोस हं,” एवढंच मागितलं होतं तिने.

आणि आता बाराव्या पानावर छापलं होतं: ‘व्यक्ती क. स्त्री. वय छत्तीस.’

“तुझं नाव नाहीये गं त्यात,” धाकटी पुटपुटली. “नियमच आहे तसा, नाव द्यायचं नसतं.”

“नाव नसलं म्हणून काय झालं? आरशावर नाव लिहिलेलं असतं का?”

“तू सही केली होतीस, ताई. संमतीपत्र आहे शेवटी.”

शेवटच्या पानावर खरंच थोरलीची सही होती, वळणदार, विश्वासाने ठोकलेली. सहा महिन्यांपूर्वी शिष्यवृत्तीच्या कागदांबरोबर, इथे कर, इथे कर, म्हणत धाकटीने पानं पुढे सरकवली होती.

“सही करताना वाचायचं असतं,” धाकटी खाली मान घालून म्हणाली.

“तू पुढे केलेला कागदसुद्धा वाचून घ्यायचा असतो... हे मला कुणी शिकवलं नव्हतं गं!”

बोलताना थोरलीचा आवाज फाटला. आतल्या खोलीत आईच्या खाटेची करकर मघापासून थांबली होती, पण दोघींपैकी कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

“तू माझं गुपित लिहिलंस, तेही मी गिळलं असतं,” थोरलीने शेवटून दुसरं पान उचललं. “पण हे? ‘त्याग हे व्यक्ती क हिचे कुटुंबावर ताबा ठेवण्याचे साधन आहे. धाकट्या बहिणीला कायम उपकाराखाली ठेवून ती स्वतःचे महत्त्व टिकवते.’ हे माझं माप?”

“खर्डा वाचून सरांना तोच भाग सर्वांत आवडला...” आणि मग धाकटीचाही बांध फुटला. “आणि मला गुदमरायला होतं, ताई! शाळेत, शेजारी, सगळीकडे एकच, तुझ्या बहिणीने तुझ्यासाठी हाडाची काडं केली. चाळीस मार्क पडले तरी अपराधी, ऐंशी पडले तरी ते तुझेच. कुठेतरी लिहायचं होतं मला!”

थोरलीला सर्वांत जास्त दुखलं ते हेच, की त्यातलं एखादं अक्षर खरंही असावं! पण सारं?

“लंबकाचा काळ काढताना तू किती आंदोलनं मोजतेस?” तिने हळूच विचारलं.

“वीस.”

“का?”

“एकावर... एकावर भरवसा ठेवता येत नाही म्हणून.”

“लोखंडाच्या कुलपाला वीस झोके दिलेस. मला एकच?”

धाकटीने ओंजळीत तोंड लपवलं. संमतीपत्राच्या तळाशी एक ओळ होती: अहवाल सादर होईपर्यंत व्यक्तीला संमती मागे घेता येईल. उद्या सकाळी अकरा वाजता अहवाल द्यायचा होता. थोरलीने सहीवर एक रेघ ओढली असती तर विषय गेला असता, वर्ष गेलं असतं, पुढच्या संशोधनाची जागाही गेली असती. तिने पेन उचललं. बराच वेळ धरून ठेवलं... आणि गठ्ठा पिशवीत घालून, न जेवता, ती आपल्या खोलीत गेली.

सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर दुकानात गेली. मालक म्हणाला, “आज काय उजाडायच्या आधीच?” तिने स्वतःच्या आयुष्याला दाभणाने भोकं पाडली, घट्ट शिवलं, पुठ्ठा चढवला, कण्यावर बहिणीचं नाव सोनेरी अक्षरांत ठसवलं. इतकं सरळ काम तिच्या हातून क्वचितच झालं असेल! दहाच्या आत घरी येऊन तिने तो अहवाल धाकटीच्या हातात दिला.

“जा. उशीर होईल.”

धाकटीने अहवाल उघडला, निष्कर्षाचं पान काढलं आणि टेबलाशी उभ्या उभ्याच त्यावर एक आडवी रेघ मारली. शेजारी आद्याक्षरं, तारीख. रसायनाच्या वहीत चुकलेलं मोजमाप खोडतात तसं. खरवडायचं नाही, झाकायचं नाही, चूक वाचता आली पाहिजे.

“मी जात नाहीये, ताई.”

“वेडी आहेस का? वर्ष जाईल!”

“जाऊ दे. हा माझा निर्णय आहे, तुझ्यावर उपकार नाही. यात खोटं लिहिलंय.”

“सगळं खोटं नाही.”

दोघी वळल्या. आतल्या दारात आई उभी होती, चौकट धरून. तिच्या हातात चौघडी घातलेलं, कडा पिवळ्या पडलेलं एक पत्र होतं. थोरलीने ते लगेच ओळखलं. चादरीखालचं ते पत्र पुढच्याच महिन्यात तिला सापडेनासं झालं होतं. केरात गेलं असेल, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

“मला तेव्हाच मिळालं होतं, भिंत धरून उठायला लागले तेव्हा, चादर काढताना,” आई म्हणाली. “वाचलं, आणि परत ठेवलं नाही. तू शिकायला गेली असतीस तर आपण तिघी काय खाल्लं असतं? म्हणून गप्प बसले. मग ‘डोकं नाही, डोकं नाही’ म्हणत राहिले... रोज म्हटलं की मलाही थोडं खरं वाटायचं. ताबा कुणी ठेवला असेल तर तो मी ठेवला.”

अठरा वर्षं! ज्या आईपासून लपवण्यासाठी ती अठरा वर्षं मंदबुद्धी ठरली, ती आई सारं जाणून तिला मंद म्हणत होती! थोरलीला वाटलं, ओरडावं, सारं घर डोक्यावर घ्यावं, निघून जावं... तिच्या तोंडून मात्र लहान मुलीचा आवाज निघाला.

“एकदा म्हण, आई.”

“काय म्हणू?”

“मला कुणी म्हणालंच नाही कधी. एकदाच म्हण.”

आईने पत्र उलगडलं, चष्मा नव्हता, तरी तिला ते तोंडपाठ असावं.

“पास झाली होतीस गं,” ती हुंदका देत म्हणाली, “सगळ्यांत चौथी आली होतीस... माझी पोर!”

थोरली पुढे झाली नाही. पण आई चालत आली आणि तिच्या खांद्यावर कोसळली, तेव्हा तिने तिला दूरही लोटलं नाही. सवयीने धाकटीचा हात टेबलावर उघड्या पडलेल्या, माणसांची निरीक्षणं टिपायच्या वहीकडे गेला. तिने वही मिटली आणि ती त्या दोघींजवळ जाऊन उभी राहिली.